जांभ्याखाली काय आहे? गोव्यातला दगड ओळखण्याची रीत

गोव्यात दगड ओळखायला निघालं की आधी आडवा येतो तो जांभा. सडे म्हणजे सपाट पठारं जांभ्याची, घरांच्या भिंती चिऱ्यांच्या, विहिरी जांभ्यात खणलेल्या, आग्वादचा किल्लाही जांभ्याचाच. त्यामुळे इथल्या जमिनीत दुसरं काही नसावं असं वाटतं. खरं तर जांभा हे फक्त वरचं आवरण आहे, कुठे चार-पाच मीटर तर कुठे वीस-पंचवीस. खालचे खडक फार जुने आहेत. अनमोड घाटातल्या नाइस (गडद-फिकट पट्ट्यांच्या) खडकाचं वय सुमारे ३४० कोटी वर्षं निघालं आहे. पृथ्वीच्या कवचाचा इतका जुना तुकडा आपल्या दारात उघडा पडलेला आहे आणि मोले सोडून वर निघालेली रोजची वाहनं त्याला घासून जातात.

सगळ्यात आधी एक सवय मोडावी लागेल. गोव्यात रंगावरून दगड ओळखू नका. जांभ्यातलं लोह पावसाच्या पाण्याबरोबर उतरतं आणि खालच्या प्रत्येक खडकावर तांबूस पापुद्रा चढवतं. ग्रॅनाइटही तांबडा दिसतो, बेसॉल्ट म्हणजे लाव्हाचा काळा दगड, तोही तांबडा दिसतो. समुद्राच्या लाटांच्या पट्ट्यात उलटं होतं, तिथे शेवाळामुळे सगळंच काळं. बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवला की दहातले सहा-सात दगड चुकलेच समजा. ताजा फोडलेला पृष्ठभाग आणि पुढे दिलेल्या चाचण्या, एवढ्यावरच निर्णय करायचा.

कुठे बघायचं आणि कधी

जांभ्याचं आवरण जिथे कापलं गेलंय तिथेच खालचा खडक दिसतो: समुद्राकाठचे कातळ, नद्यांचे आणि व्हाळांचे (ओढ्यांचे) तळ, घाटरस्त्यांच्या कापलेल्या बाजू. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसानं सगळं धुतलेलं असतं, गवत वाळू लागतं. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, घाटात दरडी येतात, व्हाळाला अचानक पाणी चढतं. ते चार महिने घरी बसून नमुन्यांच्या चाचण्या कराव्यात.

किनाऱ्यावर जायचं तर ओहोटी साधा. कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वात जास्त खाली जातं आणि एरवी बुडालेला कातळ उघडा पडतो. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी कातळावर पोचा. पाणी परतायला लागलं की निघा, कारण टोकावरचे कातळ मागच्या बाजूनं आधी वेढले जातात आणि ते पुढे बघत बसलेल्याच्या लक्षात येत नाही.

काही जागी हातोडा चालवायचाच नाही. भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला ही अभयारण्यं आहेत. तिथून परवानगीशिवाय खडाही उचलता येत नाही. उसगाळीमळला कुशावतीकाठी जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत, तिथे खडूनं रेषा गिरवणं किंवा पाणी ओतून घासणं हेसुद्धा नुकसानच. हरवळे, खांडेपारच्या कोरीव गुहांनाही तेच लागू. अशा ठिकाणी भिंग आणि कॅमेरा पुरतो. बंद पडलेल्या खाणींत आणि सोडून दिलेल्या चिरेखाणींत उतरू नका. काठ ढिसूळ असतात आणि तळाशी साचलेलं पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही.

सोबत काय असावं

गवंड्याचा ८०० ग्रॅम ते एक किलोचा हातोडा, डोळ्यांवर गॉगल (हा नसेल तर हातोडाही नको), दहापट दाखवणारं भिंग, पोलादी खिळा, जाड काचेचा तुकडा, लोहचुंबक आणि फरशीचा एक तुकडा. फरशीची चकाकती बाजू कामाची नाही. मागची खरखरीत, बिनलकाकीची पांढरी बाजू हवी. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घरी लागेल. आम्लासाठी प्रयोगशाळेतलं दहा टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल सर्वोत्तम, पण ते हाताळायची सवय नसेल तर माडाच्या सुरेचं विनेगर चालतं. त्याला वेळ जास्त लागतो इतकंच.

जागचा की आणलेला?

दगड उचलण्याआधी हा प्रश्न विचारा. समुद्राच्या संरक्षक भिंतीतले दगड, रेल्वेरुळांखालची खडी, पुलाजवळचे ढीग, देवळाच्या आवारातले धोंडे हे सगळं कुठूनही आलेलं असतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या चर्चच्या भिंती जांभ्याच्या आहेत, पण दर्शनी भागाचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, वसईहून आणलेला आहे. त्या दगडावरून जुन्या गोव्याची जमीन सांगायला गेलं तर दख्खनचे लाव्हारस थेट मांडवीकाठी येऊन पोचतील.

जागचा कातळ ओळखायची खूण अशी: पावसात न हलणारा, जमिनीत शिरलेला, आणि शेजारच्या कातळांशी ज्याचे थर व भेगा एकाच दिशेनं जुळतात तो जागचा. तीन-चार उघड्या कातळांवर थरांची दिशा तीच असेल तर निर्धास्त राहा. प्रत्येकाची दिशा वेगळी असेल तर ते गडगडत आलेले धोंडे आहेत.

फोडायचा कसा

कातळाच्या मधोमध घाव घालू नका. दगड फुटत नाही आणि हातोडा उसळतो. बाहेर आलेला कोपरा निवडा, त्याच्या कडेपासून तीन-चार बोटं आत, बाहेरच्या बाजूला झुकता घाव द्या. आवाजाकडे लक्ष असू द्या. खणखणीत आवाज म्हणजे दगड ताजा, बद्द आवाज म्हणजे आतपर्यंत कुजलेला. कुजलेल्या दगडावर कुठलीच चाचणी खरी उतरत नाही, त्यामुळे खणखणीत जागा सापडेपर्यंत पुढे सरका. मूठभर, साधारण सात बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा पुरे, पण त्याची एक तरी बाजू पूर्ण ताजी हवी.

चाचण्या

काठिण्य. ताज्या बाजूवर खिळा दाबून ओढा, मग बोट ओलं करून रेघ पुसा. रेघ पुसली गेली तर दगड खिळ्याहून कठीण आहे आणि जे दिसलं ते खिळ्याचं लोखंड होतं. ही चूक फार जण करतात. उलट बाजूनं दगडाचं टोक काचेवर ओढा. मोह्सच्या मापात (काठिण्याच्या एक ते दहा पायऱ्यांत) नख अडीच, कॅल्साइट तीन, काच सुमारे साडेपाच, फेल्डस्पार सहा, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ सात. एकाच दगडात मऊ आणि कठीण कण मिसळलेले असतात, म्हणून चाचणी दगडाची नाही, त्यातल्या कणाची करायची.

कस. फरशीच्या खरखरीत बाजूवर दगड घासला की जी भुकटी उमटते तिचा रंग म्हणजे कस. गोव्यात ही सर्वात उपयोगी चाचणी आहे. हेमॅटाइट हे लोहखनिज बाहेरून काळा, करडा, चकाकता कसाही असो, कस विटकरी लालच येतो. लोहाचीच दुसरी दोन खनिजं: गोथाइटचा कस पिवळट तपकिरी, मॅग्नेटाइटचा काळा. मँगनीजचा पायरोलुसाइट काळा कस देतो आणि बोटंही काळी करतो. गारगोटी फरशीपेक्षा कठीण असल्यानं तिचा कस येतच नाही, फरशीलाच ओरखडा पडतो.

आम्ल. आधी दगडाची थोडी भुकटी करा, तिच्यावर दोन थेंब टाका आणि भिंगातून बघा. बुडबुडे आले तर कॅल्शियम कार्बोनेट आहे. किनाऱ्यावरच्या दगडाला ही चाचणी लावताना फटीतली शिंपल्यांची वाळू आधी गोड्या पाण्यानं नीट धुवा, नाहीतर ग्रॅनाइटही फसफसताना दिसेल.

घनता. हातात दगड जड वाटतो की हलका हे सांगणं बेभरवशाचं आहे. काट्यावर दहा मिनिटांत नेमका आकडा मिळतो. ३०० ते ६०० ग्रॅमचा कोरडा तुकडा आधी नुसता तोला. मग काट्यावर दगड पूर्ण बुडेल इतक्या पाण्याचं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दगड बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकवू नका. दोरा हातात धरून ठेवा. आता काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके घनसेंटीमीटर दगडाचं आकारमान. कोरडं वजन ५४० आणि बुडवल्यावर १८० आलं, तर घनता ३.०.

आकडा चुकतो तो दोन कारणांनी. दगड तळाला टेकला तर त्याचं वजन काट्यावर येतं आणि घनता खोटी कमी निघते. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटले तरी आकारमान वाढून घनता कमीच निघते. पाण्यात असतानाच बोटानं चोळून ते काढा. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडासाठी हा आकडा ग्रेवॅक (वाळू-चिखलाचा कठीण झालेला खडक, पुढे येतोच) किंवा बेसॉल्टइतका भरवशाचा नाही. छिद्रं भरली की रिकामी यावर तो बदलतो.

लक्षात ठेवायचे आकडे: ग्रॅनाइट आणि नाइस २.६ ते २.७, ग्रेवॅक २.७ च्या आसपास, बेसॉल्ट आणि त्याच्यासारखाच काळा डोलेराइट २.८ ते ३.०, पट्टेदार लोहखडक ३.२ च्या वर कुठेही, शुद्ध हेमॅटाइट ५ च्या पुढे.

दोना पावलचा करडा कातळ

तिसवाडी आणि बार्देसच्या किनाऱ्यावर जांभ्याखाली जो हिरवट करडा खडक दिसतो त्याला बहुतेक लोक बेसॉल्ट समजतात. दोना पावलला तर हे हमखास होतं. तो रूपांतरित ग्रेवॅक आहे: समुद्रतळाच्या उतारावरून वाळू-चिखलाचा लोंढा घसरून साचला, दाबला गेला, तापला आणि कठीण झाला. गोव्यातल्या जुन्या खडकांना भूशास्त्रात ‘गोवा गट’ म्हणतात; त्याच्या सावर्डे थरसमूहात तो येतो.

भिंग लावा. ग्रेवॅकमध्ये काचेसारखे क्वार्ट्झचे तुटके, अणकुचीदार कण आणि पांढुरके फेल्डस्पारचे कण बारीक गडद गाळात रुतलेले दिसतात. बेसॉल्टमध्ये असे वाळूचे कण नसतात; दिसल्याच तर फेल्डस्पारच्या बारीक काड्या दिसतात. शंका राहिली तर घनता काढा. २.७ आणि २.९ यांतला फरक स्वयंपाकघरातला काटाही पकडतो.

ओहोटीला धुतलेला सपाट भाग मिळाला तर एकेका थराकडे हातभर अंतरावरून बघा. काही थरांत एका बाजूचे कण जाड आणि दुसऱ्या बाजूला जाताना ते बारीक होत गेलेले असतात. लोंढ्यातली जाड वाळू आधी बसते, बारीक गाळ नंतर. म्हणून जाड कणांची बाजू मूळची खालची. हे थर नंतर उभे झाले, काही ठिकाणी पालथेही झाले. कुठली बाजू वर होती हे ठरवायला हीच खूण वापरतात. एका थरावरून निकाल देऊ नका. पाच-सहा थरांत कण एकाच दिशेनं बारीक होत गेले तरच लिहून ठेवा.

डिचोली ते सांगे: लोहाचा पट्टा

डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातला पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्ट्झाइट ओळखायला सोपा: गडद लोहाचे आणि फिकट सिलिकेचे (गारगोटीच्या द्रव्याचे) पट्टे एकाआड एक, काही मिलिमीटरपासून काही सेंटीमीटर जाडीचे, बऱ्याचदा वळ्या पडलेले. हा समुद्रात साचलेला गाळ आहे. त्या काळी हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेल्या रूपात राहू शकत होतं. ऑक्सिडीकरण झालं की ते तळाशी बसे.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. पावसानं सिलिका वाहून गेली की उरते मऊ, निळसर काळी भुकटी. ती माती नव्हे, भरपूर लोह असलेलं खनिज आहे; कस घेतला की लाल येतो. दुसरा घोटाळा चुंबकाचा. चुंबक चिकटला नाही म्हणून लोहखनिज नाही असं ठरवतात, पण हेमॅटाइटला साधा चुंबक जेमतेम लागतो. जोरात ओढला तर त्यात मॅग्नेटाइट आहे. मोठ्या दगडाऐवजी भुकटीवर कागद ठेवून वरून चुंबक फिरवा, म्हणजे कमी प्रमाणही दिसतं.

याच पट्ट्यात गुलाबी फिलाइट सापडतो. नखानं कुरतडता येईल इतका मऊ, पातळ पापुद्र्यांत सुटणारा, उन्हात धरला की रेशमी झाक देणारा. जांभ्याखालच्या गुलाबी चिकणमातीशी त्याची गल्लत होते. मातीला झाक नसते आणि ती पापुद्र्यांत सुटत नाही.

दक्षिणेचा ग्रॅनाइट आणि नाइस

काणकोणच्या किनाऱ्यावर, पाळोळ्याला, गोल गुळगुळीत धोंडे दिसतात, आणि पारोड्याचा चंद्रनाथ डोंगरही याच कुळातला. ताज्या बाजूवर तीन गोष्टी शोधा. क्वार्ट्झ: काचेसारखा, राखाडी, वेडावाकडा फुटलेला. फेल्डस्पार: पांढरा किंवा गुलाबी, आणि दगड उन्हात हळूहळू फिरवला की सपाट फुटलेली बाजू क्षणभर आरशासारखी चमकते. क्वार्ट्झ असा कधीच चमकत नाही. तिसरा काळा अभ्रक, नखानं सुटणारा. काणकोणच्या ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पारचे मोठे, बोटाच्या पेराएवढे स्फटिक बारीक कणांत बसलेले दिसतात. कण विखुरलेले असतील तर ग्रॅनाइट, गडद-फिकट पट्ट्यांत ओळीनं लागलेले असतील तर नाइस. एकाच धोंड्यात दोन्ही दिसू शकतं, तेव्हा ‘ग्रॅनाइटी नाइस’ लिहायला संकोच नको.

ग्रॅनाइटला आरपार कापत गेलेली सरळ काळी पट्टी दिसली तर ती डोलेराइटची भित्ती, म्हणजे भेगेत शिरून गोठलेल्या रसाची पट्टी, असण्याची शक्यता मोठी. तिच्या कडेचे कण मधल्या भागापेक्षा बारीक आहेत का बघा. गरम रस थंड खडकात शिरला की कडेला लवकर गोठतो. घरातल्या ओट्याचा ‘काळा ग्रॅनाइट’सुद्धा बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रोच असतो. त्यात क्वार्ट्झ शोधत बसू नये.

खरा दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या वरच्या घाटमाथ्याकडेच आहे. बदामाएवढ्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइट किंवा कॅल्साइट भरलेले दिसले की ओळख पक्की.

आणि जांभा

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. असं गरम आणि ओलं हवामान लाखो वर्षं मिळालं की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आधी जातात, मागोमाग बरीचशी सिलिका जाते आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं. म्हणजे जांभा हा खालच्याच खडकाचा शेष.

म्हणून तो मुळात कोणाचा हे शोधता येतं, पण वरच्या कठीण कवचात नाही. रस्त्यासाठी किंवा घरासाठी कापलेली उंच बाजू बघा: वर कठीण तांबडं कवच, खाली चिऱ्यांचा थर, त्याखाली पांढरी-गुलाबी शेडी (चिकणमाती), मग कुजलेला खडक. शेडीत मूळ खडकाचे पट्टे आणि भेगा अजून दिसतात. गारगोटीची शीर कुजत नाही, त्यामुळे ती खालच्या खडकातून निघून शेडीतून थेट जांभ्यात शिरलेली दिसते. अशी अखंड शीर सापडली की हा जांभा तिथेच तयार झालाय हे नक्की. उलट जांभ्यात जुन्या जांभ्याचेच गोलसर तुकडे चिकटलेले असतील तर तो वरून वाहून येऊन पुन्हा घट्ट झालेला. त्याच्यावरून खालचा खडक सांगता येणार नाही.

काही किनाऱ्यांवर भरतीरेषेजवळ वाळू-शिंपल्यांचा घट्ट थर असतो. आम्लावर जोरात फसफसतो. तो किनारखडक, गोव्यातल्या सर्वात तरुण खडकांपैकी.

नोंद आणि नकाशा

नमुन्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, वाळला की शाईनं क्रमांक लिहा. कागदाची चिठ्ठी नुसती पिशवीत टाकू नका, ओल लागून ती वाचता येत नाही. वहीत त्याच क्रमांकाखाली अक्षांश-रेखांश, जागचा की आणलेला, थरांची दिशा, कस, घनता, आणि शेवटी अंदाज. अंदाज शेवटी लिहिण्याचं कारण आहे: आधी नाव लिहिलं की नंतरची निरीक्षणं त्या नावाकडे झुकतात. फोटोत मापासाठी नाणं ठेवा.

थरांची दिशा होकायंत्रानं मोजताना फोनचं चुंबकी कव्हर काढा. गोवा गटाच्या खडकांची एकूण दिशा वायव्य-आग्नेय आहे. तुमचा आकडा फारच वेगळा आला तर कातळापासून दोन-तीन पावलं मागे जाऊन पुन्हा मोजा. मॅग्नेटाइट असलेला खडक सुई ओढतो.

घरी आल्यावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर आपली जागा शोधा आणि नकाशात काय दाखवलंय ते पडताळा. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. दहा मीटर रुंदीची भित्ती किंवा छोटा उघडा कातळ त्यात मावत नाही. नकाशा आणि तुमचा दगड जुळला नाही तर ताज्या बाजूवर कस आणि घनता पुन्हा काढा. आकडे तेच आले तर नमुना वहीसकट ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात किंवा मडगावच्या चौगुले महाविद्यालयात, भूशास्त्र शिकवणाऱ्यांना दाखवा. वहीतली जागा नेमकी असेल तर ते तिथे जाऊन बघू शकतात.